बॅक दाबलं की ॲपच बंद का होतं? वेब ॲपमधलं राउटिंग समजून घेऊया

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तुमची आवडती एखादी साइट उघडा आणि तीन गोष्टी करून बघा.

१. आत दोन-तीन स्क्रीन पुढे जा आणि बॅक दाबा. मागच्या स्क्रीनवर आलात, की साइटच्या बाहेर फेकले गेलात?
२. आतल्या एखाद्या स्क्रीनवर असताना रिफ्रेश करा. तेच पान परत आलं, की मुख्य पान उघडलं, की ‘४०४’ दिसलं?
३. त्या स्क्रीनची लिंक कॉपी करून मित्राला पाठवा. त्याच्याकडे तीच स्क्रीन उघडली, की त्याला ‘मुख्य पानावर जा, मग तिसरं बटण दाब, मग खाली जा’ असं सांगावं लागलं?

तिन्हींचं उत्तर बरोबर आलं, तर त्या साइटचं राउटिंग नीट आहे. एक जरी चुकलं, तर दोष तुमच्या फोनचा नाही, साइट बनवणाऱ्याचा आहे. हे राउटिंग म्हणजे काय, ते करणाऱ्या छोट्या लायब्ररी आतून कशा चालतात आणि तुम्ही स्वतः वेब ॲप बनवणार असाल तर काय सांभाळायचं, ते या लेखात बघू. कोडची एकही ओळ देत नाही. कल्पना एकदा डोक्यात बसली की कोड कोणत्याही लायब्ररीच्या मदत पानावर मिळतो.

हा राउटर वायफायचा डबा नाही

राउटर म्हटलं की भिंतीवरचा, दिवे लुकलुकणारा डबा आठवतो. तो डेटा कोणत्या वाटेने पाठवायचा ते ठरवतो. वेब ॲपमधला राउटर हा मात्र जावास्क्रिप्टचा छोटासा तुकडा असतो. त्याचं काम एवढंच : ॲड्रेस बारमधला पत्ता वाचायचा आणि त्या पत्त्यासाठी कोणती स्क्रीन दाखवायची ते ठरवायचं.

उदाहरणासाठी माझ्याच गावाचं, अणदूरचं, एक छोटं माहिती ॲप घेऊ. सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं, तुळजापूर तालुक्यातलं हे गाव. सुट्टीत घरी आलो की मी हे ॲप थोडं थोडं वाढवतो आणि घरच्यांच्या फोनवर चालवून बघतो. त्यातले पत्ते साधारण असे आहेत :

/ म्हणजे मुख्य पान
/दर्शन म्हणजे खंडोबाच्या दर्शनाची माहिती
/गाव/अणदूर, /गाव/नळदुर्ग अशी एकेका गावाची पानं
/आरोग्य म्हणजे दवाखाने आणि हॅलो मेडिकल फाउंडेशनसारख्या गावात काम करणाऱ्या संस्थांची माहिती

राउटरकडे अशाच पत्त्यांचं एक कोष्टक असतं. डावीकडे पत्ता, उजवीकडे स्क्रीन. गावांची नावं मात्र कोष्टकात एकेक करून लिहीत नाहीत. ‘/गाव/:नाव’ असा एकच साचा लिहितात. विसर्गासारखे दिसणारे ते दोन ठिंबके, म्हणजे कोलन, राउटरला सांगतात की या जागी काहीही येऊ शकतं, जे येईल ते ‘नाव’ म्हणून मला दे. पत्ता /गाव/नळदुर्ग असेल तर ‘नाव’मध्ये नळदुर्ग येतं आणि ॲप त्या गावाची माहिती काढून दाखवतं.

एक बारकावा इथेच सांगतो. बहुतेक छोट्या राउटरमध्ये कोष्टक वरून खाली वाचलं जातं आणि पहिला जुळणारा साचा जिंकतो. त्यामुळे /गाव/यादी हे वेगळं पान हवं असेल तर ते ‘/गाव/:नाव’च्या वर लिहावं लागतं. नाहीतर ‘यादी’ नावाचं गाव शोधायला ॲप निघतं!

सर्व्हरने पान द्यायचं, की फोननेच बनवायचं?

वेबची मूळ पद्धत सोपी आहे. लिंक दाबली की ब्राउझर सर्व्हरकडे पत्ता पाठवतो, सर्व्हर अख्खं पान परत पाठवतो, जुनं पान जातं आणि नवं येतं. यात बॅक, रिफ्रेश, शेअर सगळं आपोआप चालतं. तोटा एवढाच, की प्रत्येक वेळी सर्व्हरपर्यंत जाऊन यावं लागतं. हायवेला लागून उभं राहिलं की फोनवर रेंज भरपूर, पण शेताकडे वळलं की एक-दोन दांड्या. अशा ठिकाणी प्रत्येक क्लिकला पांढरी स्क्रीन बघत बसावं लागतं.

दुसरी पद्धत म्हणजे पहिल्यांदा ॲपचा सांगाडा एकदाच उतरवून घ्यायचा आणि पुढच्या स्क्रीन फोनमध्येच बनवायच्या. लागलीच तर थोडी माहिती सर्व्हरकडून मागवायची. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं, तेव्हापासून ही पद्धत लोकांच्या अंगवळणी पडली. यालाच सिंगल पेज ॲप म्हणतात. नावाप्रमाणे ब्राउझरच्या दृष्टीने पान एकच असतं.

गोची नेमकी इथेच होते. तुम्हाला वाटतं आपण चार पानं पुढे आलो. ब्राउझरला वाटतं तुम्ही पहिल्याच पानावर आहात, कारण पत्ता बदललेलाच नाही. मग बॅक दाबलं की तो तुम्हाला साइटच्या आधी जिथे होतात तिथे नेऊन सोडतो. पत्ता न बदलता स्क्रीन बदलली, हे बहुतेक तक्रारींचं मूळ आहे.

हॅशचा काळ

सुरुवातीला यावर एक जुगाड निघाला. पत्त्यात # हे चिन्ह आलं, की त्याच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. मुळात तो पानातल्या एखाद्या परिच्छेदापर्यंत उडी मारण्यासाठी होता. पण तो बदलला की पान परत लोड होत नाही आणि बॅकच्या इतिहासात मात्र नोंद होते. म्हणून /#/दर्शन, /#/आरोग्य असे पत्ते वापरायला सुरुवात झाली.

ट्विटरने २०१० च्या नव्या रूपात ‘#!’ असलेले पत्ते आणले. पण सर्व्हरला # च्या पुढचं काही कळत नसल्याने आधी रिकामा सांगाडा, मग जावास्क्रिप्ट, मग माहिती असा लांबचा फेरा व्हायचा. फेब्रुवारी २०११ मध्ये गॉकर या अमेरिकी कंपनीच्या साइटनीही हेच पत्ते घेतले. तिथे जावास्क्रिप्ट लोड व्हायला अडचण आली आणि वाचकांसमोर कोरी पानं उभी राहिली. पुढे मे २०१२ मध्ये ट्विटरने हे पत्ते सोडत असल्याचं जाहीर केलं आणि पहिलं पान पुन्हा सर्व्हरवर बनवायला घेतलं. त्यांच्याच सांगण्यानुसार पान उघडायचा वेळ आधीच्या एक पंचमांशावर आला.

तरीही हॅश राउटिंग वाईटच असं नाही. सर्व्हरची कुठलीही सेटिंग बदलता येत नसेल, तर छोट्या ॲपसाठी ते आजही निमूटपणे चालतं. जवळजवळ प्रत्येक राउटर लायब्ररीत तो पर्याय मिळतो.

ब्राउझरची वही : हिस्टरी एपीआय

खरा उपाय एचटीएमएल ५ सोबत आला. क्रोम, सफारी आणि फायरफॉक्समध्ये तो २०१०-११ च्या सुमारास आला, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये २०१२ च्या दहाव्या आवृत्तीत. याचं नाव हिस्टरी एपीआय.

ब्राउझरकडे प्रत्येक टॅबसाठी एक वही असते असं समजा. तुम्ही जिथे जिथे गेलात तो पत्ता त्यात क्रमाने लिहिलेला असतो. बॅक दाबलं की एक ओळ वर, फॉरवर्ड दाबलं की एक ओळ खाली. हिस्टरी एपीआयने या वहीत लिहायची परवानगी जावास्क्रिप्टला दिली. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पुशस्टेट : वहीत नवी ओळ लिहा. ॲड्रेस बारमधला पत्ता बदलतो, पान मात्र परत लोड होत नाही.

रिप्लेसस्टेट : आत्ताची ओळ खोडून त्याच जागी दुसरी लिहा.

पॉपस्टेट : वापरणाऱ्याने बॅक किंवा फॉरवर्ड दाबलं की ब्राउझर मारतो ती हाक. ‘ओळ बदलली रे, आता स्क्रीन तू बदल.’

नव्याने शिकणारे हमखास अडखळतात ती जागा अशी : पुशस्टेट केल्यावर पॉपस्टेटची हाक येत नाही. ती फक्त मागेपुढे जाण्यासाठी आहे. म्हणजे पुढे जाताना वहीत लिहा आणि स्क्रीनही स्वतःच बदला. मागे येताना मात्र हाकेची वाट बघा आणि मग बदला.

पुश कधी आणि रिप्लेस कधी, याचा माझा नियम साधा आहे. वापरणाऱ्याला ‘मी नवीन ठिकाणी आलो’ असं वाटत असेल तर पुश. तो त्याच ठिकाणी उभा राहून काहीतरी फिरवतोय, म्हणजे यादीचा क्रम, महिना, फिल्टर, असं असेल तर रिप्लेस. नाहीतर दहा वेळा फिल्टर बदलणाऱ्याला बाहेर पडायला दहा वेळा बॅक दाबावं लागतं. फोटो पूर्ण स्क्रीनवर उघडला असेल तेव्हा मात्र पुश करा. अँड्रॉइड वापरणाऱ्याचा अंगठा फोटो बंद करायला बॅककडेच जातो.

मग लायब्ररी कशाला?

हिस्टरी एपीआय ब्राउझरमध्येच आहे, कोष्टकही आपणच लिहू शकतो, मग दुसऱ्याची लायब्ररी का घ्यायची? मी विद्यार्थ्यांना सांगतो की एकदा तरी स्वतःचा राउटर लिहा. चाळीस-पन्नास ओळींत होतो आणि सगळं लख्ख कळतं. पण लोक वापरणार असलेल्या ॲपमध्ये बारक्या गोष्टी त्रास देतात. उदाहरणार्थ, राउटरला पानावरच्या लिंकवरचे सगळे क्लिक मधेच अडवावे लागतात. पण लिंक दुसऱ्या साइटची असेल तर अडवायचं नाही. नवीन टॅबमध्ये उघडायची असेल तर नाही. फाइल डाउनलोडची असेल तर नाही. कॉम्प्युटरवर कंट्रोल दाबून क्लिक केलं असेल तरी नाही. शिवाय पत्त्यातले खास अक्षर-संकेत उलगडायचे, शेवटी जास्तीची तिरकी रेघ आली तरी पान सापडायला हवं. चांगल्या छोट्या लायब्ररीत हे सगळं आधीच हाताळलेलं असतं.

साध्या जावास्क्रिप्टसाठी पेज-जेएस आणि नेव्हिगो ही जुनी, छोटी नावं आहेत. रिॲक्ट किंवा प्रीॲक्ट वापरत असाल तर वाउटर नावाची लायब्ररी आवळून साधारण दोन किलोबाइटमध्ये बसते. रिॲक्ट राउटर सर्वांत प्रसिद्ध आहे, त्यात सोयी खूप आहेत आणि वजनही त्या मानाने जास्त.

वजनाचं गणित करून बघू. रेंज खराब आहे आणि सेकंदाला १०० किलोबिट येतायत असं धरा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे २ किलोबाइटला ०.१६ सेकंद लागतं, २० किलोबाइटला १.६ सेकंद आणि २०० किलोबाइटला १६ सेकंद. शिवाय जावास्क्रिप्ट उतरवून भागत नाही. फोनच्या प्रोसेसरला ते वाचून चालवावंही लागतं आणि स्वस्त फोनमध्ये तो वेळ वेगळा.

पण यात स्वतःची फसवणूक करून घेऊ नका. दोन किलोबाइटचा राउटर लावला आणि मुख्य पानावर दोन मेगाबाइटचा फोटो टाकला, तर काही उपयोग नाही. हलकी लायब्ररी ही हलकं ॲप बनवायच्या सवयीचा एक भाग आहे.

आणखी एक. स्क्रीनवर जाणारी प्रत्येक गोष्ट ही खरी लिंक हवी, नुसता क्लिक होणारा चौकोन नको. फोनवर लिंक दाबून धरली की ‘नवीन टॅबमध्ये उघडा’, ‘लिंक कॉपी करा’ असे पर्याय येतात. ते फक्त खऱ्या लिंकवरच येतात. टॉकबॅकसारख्या स्क्रीन रीडरलाही खरी लिंकच ‘लिंक’ म्हणून ओळखता येते.

पत्ता कशाचा द्यायचा?

कोड लिहिण्यापेक्षा अवघड काम हे आहे. अणदूरचंच उदाहरण घ्या. इथल्या खंडोबाची रीत वेगळी आहे. मूर्ती एकच, पण ठाणी दोन. वर्षातले साधारण दहा महिने देव अणदूरच्या मंदिरात असतो आणि सुमारे दोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा मैलारपूरला भरते. तारखा तिथीवर ठरतात, म्हणून दरवर्षी इंग्रजी कॅलेंडरवर त्या पुढेमागे होतात.

आता दर्शनाच्या पानाचा पत्ता काय ठेवाल? /दर्शन/अणदूर ठेवला आणि कुणी तो भाद्रपदात नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पौषात लांबून येणारं एखादं कुटुंब ग्रुपमध्ये मागे जाऊन तीच लिंक उघडतं, वर ‘अणदूर’ वाचतं आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन अणदूरला उतरतं. देव तेव्हा मैलारपूरला! चुकीच्या पत्त्याने इथे खरोखरच माणसाची फेरी वाया जाते.

म्हणून पत्ता ठेवला /दर्शन. पत्ता कायम, आत दिसणारी माहिती बदलती. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात ‘आत्ता मूर्ती कुठे आहे’ आणि खाली ‘ही माहिती कोणत्या तारखेची आहे’. ही तारीख आवश्यकच, कारण ॲप ऑफलाइन चालावं म्हणून फोनमध्ये पानं साठवून ठेवतो आणि रेंज नसताना जुनं पान उघडू शकतं. अणदूर आणि मैलारपूर या दोन्ही मंदिरांची स्वतंत्र पानं आहेतच, पण तीही वर याच ओळीने सुरू होतात. नियम असा : लोकांचा प्रश्न जो आहे, त्याला पत्ता द्या. ‘दर्शन कुठे होईल?’ हा प्रश्न कायम आहे, उत्तर बदलतं.

दुसरं उदाहरण जिल्ह्याच्या नावाचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने उस्मानाबादच्या ‘धाराशिव’ या नावाला मान्यता दिली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा-तालुका पातळीवरच्या बदलाची राज्य सरकारची अधिसूचना निघाली. कुठल्या ॲपमध्ये /उस्मानाबाद/अणदूर असा पत्ता असेल, तर तो बदलून /धाराशिव/अणदूर करायचा हे ठीक. पण जुनी लिंक लोकांच्या चॅटमध्ये, बुकमार्कमध्ये, छापलेल्या क्यूआर कोडमध्ये तशीच आहे. ती मेली तर वाचक हरवतो.

अशा वेळी जुना पत्ता कोष्टकात ठेवायचा आणि तिथे येणाऱ्याला नव्या पत्त्यावर न्यायचं. इथे पुश करू नका, रिप्लेस करा. पुश केलं तर काय होतं बघा : वापरणारा नव्या पत्त्यावर पोचतो, बॅक दाबतो, जुन्या पत्त्यावर येतो, तिथून राउटर त्याला पुन्हा पुढे ढकलतो. तो कितीही बॅक दाबो, सुटका नाही. रिप्लेस केलं की वहीतली जुनी ओळच जाते. सर्व्हर हातात असेल तर हे काम तिथेच ‘कायमचं स्थलांतर’ म्हणजे ३०१ या उत्तराने करणं अजून चांगलं, कारण सर्च इंजिनलाही ते कळतं.

आणि बदलू शकणारं नाव पत्त्यात न ठेवणं सगळ्यात उत्तम. पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतःचा आकडी संकेतांक आहे. मोठं, अनेक गावांचं ॲप असेल तर पत्त्यात तो आकडा आणि स्क्रीनवर नाव, असं करता येतं.

देवनागरी पत्त्यांची गंमत आणि डोकेदुखी

मराठी विकिपीडियाची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की कधी कधी टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते. ती का?

पत्ता पाठवताना ब्राउझर देवनागरीचं रूपांतर करतो. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. ‘अणदूर’ लिहायला अ, ण, द, दीर्घ उकार आणि र अशी पाच चिन्हं लागतात, म्हणून त्याच्या ४५ जागा होतात. /धाराशिव/अणदूर एवढासा पत्ता ११० जागांचा होतो.

राउटरच्या दृष्टीने यात तीन खड्डे आहेत.

पहिला, पत्ता वाचताना ब्राउझर ही टक्क्यांची माळच हातात देतो. ती उलगडल्याशिवाय कोष्टकातल्या ‘अणदूर’शी तुलना केली तर काहीच जुळत नाही. बऱ्याच लायब्ररी निदान कोलनच्या जागी आलेला भाग स्वतः उलगडून देतात. तुमची काय काय उलगडते ते तपासून घ्या.

दुसरा, लिंक कॉपी करताना शेवट तुटला तर माळ अर्धवट राहते आणि उलगडताना जावास्क्रिप्ट थेट चूक फेकून थांबतं. स्क्रीन कोरी! ही चूक पकडा आणि ‘लिंक अपुरी दिसते, इथून शोधा’ असं पान दाखवा.

तिसरा खास आपला. ‘ॲप’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो : एक अखंड ‘ॲ’ चिन्ह वापरून, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना सारखंच, कॉम्प्युटरला वेगळं. ‘साताऱ्याचा’ मधल्या अर्ध्या ऱ्याचीही तीच गत, कीबोर्डप्रमाणे आतली चिन्हं बदलतात. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण या जोड्या एक करत नाही, तुम्हाला स्वतः बदल करून घ्यावे लागतात. शिवाय लोक अणदूर, अणदुर असं ऱ्हस्व-दीर्घही लिहितात. म्हणून हाताने टाइप होऊ शकणाऱ्या देवनागरी पत्त्यांना पर्यायी रूपं देऊन ठेवा, ती मुख्य पत्त्याकडे रिप्लेस करा.

मग देवनागरी पत्ते वापरावेत का? वाचून कळतात, सर्चमध्ये छान दिसतात. छापील पत्रक, एसएमएस किंवा फोनवर तोंडी सांगायचं असेल तर छोटा रोमन किंवा आकडी पत्ता बरा. या लेखात मी पत्ते देवनागरीत लिहिलेत ते वाचायला सोपं जावं म्हणून.

रिफ्रेश केलं आणि ४०४ आलं

सुरुवातीच्या तीन चाचण्यांपैकी दुसरी सगळ्यात जास्त इथे फसते. ॲपमधून /दर्शनवर गेलात तर राउटर स्क्रीन दाखवतो. पण रिफ्रेश केलं, की ब्राउझर थेट सर्व्हरला विचारतो, ‘/दर्शन दे.’ सर्व्हरवर त्या नावाची फाइलच नाही. तिथे फक्त मुख्य इंडेक्स फाइल आहे.

उपाय : सर्व्हरला सांगायचं की जी फाइल सापडत नाही, त्या प्रत्येक पत्त्यासाठी इंडेक्स फाइलच दे. ती उघडली की राउटर जागा होतो, ॲड्रेस बार वाचतो आणि बरोबर स्क्रीन लावतो. नेटलिफायवर एका छोट्या फाइलमध्ये एका ओळीत हे होतं, फायरबेसमध्ये ‘रीराइट’ नावाची सेटिंग असते. गिटहब पेजेसवर तशी सोय नाही, म्हणून लोक इंडेक्स फाइलचीच प्रत ४०४ पान म्हणून ठेवतात. वापरणाऱ्याला पान दिसतं, पण सर्व्हरचं उत्तर ४०४ असंच जातं, त्यामुळे सर्च इंजिन अशी पानं धरत नाही.

आणि खरंच अस्तित्वात नसलेल्या पत्त्यासाठी? कोष्टकाच्या अगदी तळाला ‘बाकी सगळं’ असा साचा ठेवा आणि तिथे मराठीत नीट लिहिलेलं ‘पान सापडलं नाही’ दाखवा, मुख्य पानाच्या लिंकसह.

राउटर जे करत नाही

पान खरंच बदलतं तेव्हा ब्राउझर काही कामं गुपचूप करतो. फोनमध्येच स्क्रीन बदलली की ती आपल्या गळ्यात पडतात.

शीर्षक बदला, नाहीतर बॅकच्या यादीत सगळीकडे एकच नाव दिसतं. नव्या स्क्रीनवर गेल्यावर वरून सुरुवात करा, आणि मागे आल्यावर वाचक जिथे होता तिथेच सोडा. लांब यादीत तळाशी गेलेल्याला पुन्हा वर फेकण्यासारखा वैताग नाही. स्क्रीन बदलल्यावर फोकस नव्या मथळ्यावर न्या, नाहीतर टॉकबॅक वापरणाऱ्याला काही बदललंय हेच कळत नाही.

व्हॉट्सॲपच्या प्रिव्ह्यूचंही असंच. लिंक टाकल्यावर दिसणारं चित्र आणि मथळा सर्व्हरकडून आलेल्या मूळ फाइलमधून घेतात, आपलं जावास्क्रिप्ट तिथे चालत नाही. त्यामुळे तुमच्या प्रत्येक आतल्या पानाचा प्रिव्ह्यू सारखाच येतो. वेगळा हवा असेल तर ती पानं सर्व्हरवर किंवा आधीच तयार करून ठेवावी लागतात. कोणतीही राउटर लायब्ररी हे करून देत नाही.

राउटर लागतच नाही तेव्हा

शेवटी एक सल्ला. तुमच्या साइटवर पाच-सहा मजकुराची पानं असतील, म्हणजे ग्रामपंचायतीची माहिती, शाळेचं संमेलन, मंडळाचं पत्रक, तर क्लायंट-साइड राउटर लावू नका. पाच साध्या एचटीएमएल फाइल बनवा. बॅक, रिफ्रेश, शेअर, प्रिव्ह्यू सगळं फुकटात चालेल. राउटर तेव्हा लावा, जेव्हा स्क्रीन बदलताना आधीचं काहीतरी टिकवायचं असतं : अर्धवट भरलेला फॉर्म, चालू असलेला ऑडिओ, उतरवून ठेवलेली यादी, ऑफलाइन वापर.

ब्राउझरही पुढे सरकतायत. २०२२ मध्ये क्रोमच्या १०२ व्या आवृत्तीत नेव्हिगेशन एपीआय आलं. त्यात लिंकचा क्लिक, बॅक, फॉरवर्ड सगळं एकाच ठिकाणी पकडता येतं, म्हणजे राउटर अजून छोटे होतील.

ॲप लोकांना देण्याआधी एवढं करून बघा

– आतल्या प्रत्येक स्क्रीनवर रिफ्रेश करा.
– बॅक दाबत दाबत पहिल्या स्क्रीनपर्यंत या. मधे कुठे अडकलात का?
– आतली लिंक स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि दुसऱ्या फोनवर उघडा.
– लिंकच्या शेवटचे दोन-तीन वर्ण खोडून उघडून बघा.
– मोबाइल डेटा बंद करून उघडा. जुनी माहिती दिसत असेल तर तिची तारीख दिसते का?
– लिंक दाबून धरा. ‘नवीन टॅबमध्ये उघडा’ येतं का?
– जुना पत्ता असेल तर तोही टाकून बघा.

आणि ही यादी घरातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात भरलेल्या फोनवर तपासा. तुमचं ॲप उघडणाऱ्या बऱ्याच जणांकडे तसलाच फोन असणार आहे.